रेडिओ मोठा करणारे भावोजी

दोन धडधाकट कान असूनही काहीच ऐकू न येणारा माणूस साऱ्या पोलादपुरात एकच होता, आणि तो म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना भावोजी म्हणायचे. म्हणजे मनातल्या मनात म्हणायचे, कारण लग्नानंतरची कित्येक वर्षं मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्दही बोलले नव्हते. आमच्या घरची रीतच तशी. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, काही सांगायचं झालं तर जाऊबाईंना सांगायचं, आणि जाऊबाई घरात नसल्या तर दाराला सांगायचं. "भाकरी झालीय," असं मी दाराकडे बघून म्हणायचे आणि भावोजी दारालाच "आलो" म्हणायचे. अशा माणसाने शेतीला जोड म्हणून एस.टी. स्टँडसमोर हायवेच्या कडेला एस.टी.डी.चा बूथ काढला, आणि आमची पंचाईत झाली.

पंचाईत अशी, की माझे यजमान तेव्हा मुंबईला बंदरावरच्या एका गोदामात कामाला होते. रविवारी सकाळी ते खोलीखालच्या दुकानात फोनजवळ येऊन बसत आणि मी इकडून फोन करायचा. बूथ म्हणजे एक टेबल, त्यावर आकडे दाखवणारं मीटर, आणि एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी काचेची केबिन. पहिल्या रविवारी मी आत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून हे "बोल, बोल गो" म्हणत राहिले आणि काचेच्या अलीकडे हातभर अंतरावर भावोजी बसलेले. माझ्या तोंडून 'हॅलो'च्या पुढे काही निघेना. शेवटी रडू आलं, तेही मी आवाज न करता रडले, आणि फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी गेले तर केबिनला आतून हिरवा पडदा. जाऊबाईंच्या जुन्या पातळाचा. आमच्याच आळीत ब्लाऊज शिवणाऱ्या काकू राहायच्या, त्यांनी त्याला चारी बाजूंनी सुरेख दुमड घालून दिलेली. भावोजींचं स्टूल फिरवलेलं, तोंड रस्त्याकडे. मी आत शिरले तसा त्यांनी टेबलावरचा रेडिओ लावला आणि एखाद्या पोराचा कान पिळावा तशी त्याची खुंटी पिळत पिळत आवाज शेवटपर्यंत मोठा केला. त्या दिवशी मी यजमानांशी पहिल्यांदा पोटभर बोलले. काय बोलले ते इथेही लिहीत नाही.

भावोजींनी हे माझ्यासाठी केलं, पण एकदा केल्यावर ते त्यांच्या अंगातच भिनलं. जो येईल त्याच्यासाठी पडदा, पाठ आणि रेडिओ. रेडिओवर काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. भातावरच्या तुडतुडे किडीची माहिती असो, संस्कृतातल्या बातम्या असोत, आवाज पाहिजे. पडद्याने भागेना म्हणून त्यांनी केबिनच्या दाराला आतून गोधडी ठोकली. वैशाखात फोन करून बाहेर पडणारा माणूस सावित्री नदीत बुडी मारून आल्यासारखा निथळत यायचा. गंमत अशी व्हायची, की रेडिओच्या त्या गोंगाटात फोनवरच्या माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसे, मग तो ओरडायचा. एकदा महाबळेश्वरला निघालेले एक गृहस्थ घरच्यांना आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगत होते. भावोजी सोडून साऱ्या स्टँडने ती ऐकली. ते घाम पुसत बाहेर आले तेव्हा उभ्या एस.टी.च्या खिडकीतून एका म्हातारीने त्यांना ओरडून सांगितलं, "सुरण खा हो पावणं, सुरण!" गृहस्थ भावोजींवर डाफरले. भावोजी शांतपणे म्हणाले, "मला कायच आयकू आलं नाय बघा. बाकीच्यांचे कान माझ्या ताब्यात नायत."

मीटरवर लावलेला नंबर दिसायचा. भावोजींनी त्यावर इलेक्ट्रिकवाल्यांची काळी चिकटपट्टी लावून टाकली, फक्त पैशाचा आकडा उघडा ठेवला. पावतीवर नंबर छापून यायचा, तो भाग फाडून आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि मग पैसे घ्यायचे. आणि दिवेलागणीला मी देवापाशी दिवा लावायला उठायचे त्याच सुमाराला ते बूथ बंद करण्याआधी मीटरचं एक बटण दाबून धरायचे. त्या मीटरला आठवण असायची. कुणी, किती वाजता, कुठल्या नंबरावर फोन लावला ते सगळं त्याच्या पोटात राहायचं. बटण दाबून धरलं की सगळं पुसलं जाई. याला ते 'मशीन धुणं' म्हणायचे. जाऊबाई चिडवायच्या, "बैल कधी धुतले नाय तुमी इतक्या निगुतीनं." त्यावर म्हणायचे, "बैलाच्या पोटात कडबा असतो. ह्याच्या पोटात लोकांच्या घरातलं असतं. ते घेऊन झोपायचं कसं?"

बाहेरगावाहून कुणासाठी फोन आला तर ते स्वतः बोलवायला जात. पण कुणाचा आला, कशाला आला, हे मेले तरी सांगत नसत. वरच्या आळीतल्या एका माणसाचा भाऊ सुरतेला वारला. ज्याने फोन केला त्याने भावोजींनाच सांगून टाकलं, निरोप द्या म्हणून. भावोजी म्हणाले, "मी त्यांना घेऊन येतो, तुमीच सांगा." मग चढण चढून गेले आणि त्या माणसाला बरोबर घेऊन आले. वाटेत त्याने विचारलं, "कोणाचा रे फोन?" तर म्हणे, "आलाय खरा." आणि स्टँडपर्यंत त्याच्याशी नाचणीबद्दल बोलत राहिले. तो माणूस पुढे कितीतरी दिवस त्यांच्यावर रागावला होता. मग एकदा स्वतःच बूथवर येऊन म्हणाला, "तेवढी वाट मला भाऊ जास्त मिळाला." भावोजींनी त्याला चहा पाजला.

एकदा डोंगरातल्या एका वाडीवरची सून अंगावरचे वळ पदराने झाकत बूथवर आली, कुठेतरी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी वाडीतून नाहीशी झाली. तिचा नवरा एका हवालदाराला बरोबर घेऊन आला. हवालदार त्याच्या ओळखीचा. "नंबर सांग म्हातारबा, नायतर बूथ बंद पाडीन," असं तो टेबलावर हात आपटून म्हणाला. भावोजींनी मीटर उचलून त्याच्यासमोर ठेवलं. "घ्या हुडकून. कालच धुतलंय." दोघांनी मीटर उलटंपालटं केलं, हलवलं, नवऱ्याने तर कानाला लावून पाहिलं. ती बाई वाचली. पुढे तिचं नीट झालं आणि एका बाजाराच्या दिवशी येऊन तिने मीटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. तेव्हापासून भावोजींचं नाव झालं. लोक म्हणायचे, त्यांच्या पोटात गेलेलं ब्रह्मदेवालाही काढता यायचं नाही. खरं तर त्यांच्या पोटात काही जातच नव्हतं, पण हे लोकांना कुठे माहीत!

आता जे लिहायचं ते लिहायला मला बरेच दिवस लागले.

ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंना एकच मुलगा, विलास. नवरा लवकर गेलेला, मशीनवर पाय मारून काकूंनी त्याला वाढवला. महाडच्या एका कारखान्यात तो लागला होता. कारखाना बंद पडला आणि पोरगा गप्प झाला. भांडण नाही, दारू नाही, नुसता गप्प. पावसाळ्याचे दिवस होते. एका दुपारी तो भावोजींच्या बूथवर गेला, फोन केला, पैसे दिले, आणि घरी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावोजींचा चहा घेऊन बूथवर गेले तर बाकड्यावर काकू बसलेल्या आणि समोर फौजदारसाहेब उभे. हे साहेब नवीन आले होते, देशावरचे, बोलायला मऊ. मी चहा टेबलावर ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

"काका, काल दुपारी विलासनं कुणाला फोन लावला?"

"मी बघत नाय सायेब."

"तुम्ही बघत नाही हे ठाऊक आहे. मीटर तर बघतं?"

"मीटर काल सांजच्याला धुतलं."

साहेब टोपी काढून काकूंच्या शेजारी बसले. "हे बघा, त्या वाडीवरच्या बाईची गोष्ट माझ्या कानावर आलीय. तेव्हा मी इथे असतो तर त्या हवालदाराला मीच हाकललं असतं. पण आज विचारायला नवरा आलेला नाही, आई आलीय. कुणाला फोन केला ते कळलं तर पोरगा कुठे गेला ते कळेल. टेलिफोन खात्याकडे मी आजच लिहितो, पण ते कागद अलिबागला जाणार, तिथून परत येणार. तुमच्याकडनं आत्ता कळलं असतं. तुमच्या त्या मशीन धुण्याला नवरा कोण आणि आई कोण, हे कळत नाही काका."

"मलापन कुठं कळतं सायेब?" भावोजी म्हणाले. "उद्या एखादा नवराच आईला पुढं करून आणील. म्हणून तर सगळ्यांचं धुतो."

साहेबांना राग आला नाही. पण काकू उठल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी लपवताय का? त्यानं तुमाला सांगून ठेवलंय का, आईला सांगू नका म्हणून? तसं असंल तर नका सांगू कुठं हाय ते. नुसतं सांगा की हाय."

भावोजींनी मीटरवरची काळी पट्टी नखाने ओरबाडून काढली. इतकी वर्षं चिकटलेली, तुकड्या-तुकड्याने निघाली. खाली नुसती शून्यं. ते मीटर त्यांनी दोन्ही हातांनी काकूंसमोर धरलं. "नाय गो बाय माझ्याकडं. असतं तर दिलं असतं. आज दिलं असतं."

काकूंनी शून्यांकडे बघितलं आणि पुन्हा भावोजींकडे. त्यांना ते खरं वाटलं नाही. पोटातलं काढायचं नाही म्हणून ज्यांचं नाव झालं, त्यांच्या 'नाही'वर कोण विश्वास ठेवणार? त्या दिवसापासून आळीतली माणसं बूथवर येऊन भावोजींना समजावू लागली. कुणी हात जोडले, कुणी शिव्या घातल्या. "तुमचं इमान तुमच्यापाशी ठेवा, त्या बाईचा एकुलता एक पोर हाय," असं जाऊबाईंच्या सख्ख्या भावाने घरी येऊन सुनावलं. भावोजी ऐकून घेत होते. सगळं नीट ऐकू येत होतं त्यांना त्या दिवसांत. घरात असले तर पावसात छत्री घेऊन निघायचे, पुलाखाली, धर्मशाळेत, देवळांच्या ओट्यांवर बघून यायचे. एकदा तर शिवथरच्या घळीपर्यंत जाऊन आले. विलास कधीतरी तिथे जाऊन बसायचा, असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. तिथेही तो नव्हता.

खात्याकडून नंबर आला तो पुण्याचा निघाला. विलासबरोबर कारखान्यात असलेला एक मित्र तिकडे नोकरीला गेला होता. फौजदारसाहेबांनी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "हो, केला होता की फोन. जरा एकटं राहावंसं वाटतंय म्हणाला. माझ्या चुलत्याचं घर तुडीलला बंदच असतं, मी म्हटलं जा, किल्ली कौलाखाली आहे, राहा चार दिवस." बिचाऱ्याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. पोराला शोधताहेत याचा त्याला पत्ताच नव्हता.

साहेब जीप घेऊन तुडीलला गेले. गावच्या लोकांनी सांगितलं, हो, होता ना एक पोरगा. शेजारच्या घरातून भाकरी द्यायचे, घ्यायचा. नदीकडे बघत ओट्यावर बसायचा. आदल्या दिवसापर्यंत दिसला होता. मग त्यांनी नदीकाठाने शोधलं. सावित्री तेव्हा दुथडी भरून चालली होती. पाय घसरून गेला असं पंचनाम्यात आलं. आम्ही सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. अजून धरलंय.

विलासचे दिवस झाल्यावर काकू बूथवर आल्या. आता नंबर विचारायला नव्हत्या आल्या. मी तिथेच होते. त्या म्हणाल्या, "भावजी, आत शिरला तवा कसा दिसत होता? रडला होता का? जेवल्यासारखा वाटत होता का?"

भावोजी खाली मान घालून म्हणाले, "मी रस्त्याकडं बघत होतो."

"आणि बोलताना आवाज कसा होता?"

"रेडिओ मोठा होता."

काकूंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. पायात चपला सरकवून गेल्या. भावोजींनी त्या संध्याकाळी रेडिओची बॅटरी काढून ठेवली.

पुढचे कित्येक महिने बूथवर शांतता होती. पडदा दोरीने वर बांधून टाकलेला, गोधडी काढलेली, स्टूलाचं तोंड केबिनकडे. येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे भावोजी निरखून बघायचे आणि विचारायचे, "बरं हाय ना? जेवलास ना?" पुणे-मुंबईचे प्रवासी दचकायचे. एकजण म्हणाला, "काका, मी फोन करायला आलोय, पंगतीला नाही." गावातल्या माणसांना ते नजरेखाली बोलणं जमेना. बायका तर यायच्याच बंद झाल्या. मीसुद्धा रविवारी यजमानांना 'बरं आहे, पाऊस आहे' एवढंच सांगून फोन ठेवू लागले.

दिवेलागणीचं त्यांना ठरवता येईना. मशीन धुवावं तर विलास आठवे. न धुवावं तर ती वाडीवरची सून. बटणावर बोट ठेवून बसून राहायचे. एका संध्याकाळी मी बूथवरच्या कंदिलात तेल घालायला गेले होते, तेव्हा दाराकडे न बघता थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "आज ठेवू की धुवू, गो बाय? तूच सांग."

मी पदर सारखा केला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, मी काय सांगणार होते? जे फौजदारसाहेबांना सांगता आलं नाही आणि इतक्या वर्षांत भावोजींना उमगलं नाही, ते मला कुठून कळणार? तरी दाराला न सांगता मी त्यांनाच उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "भावोजी, पडदा माझ्यासाठी लावला होता तुम्ही. तो तरी सोडा." त्या दिवशी बटण दाबलं की नाही, ते मी पाहिलं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी काकू आल्या. हातात मिरच्यांची पिशवी. "मला आत जायचंय," म्हणाल्या.

"नंबर?" भावोजींनी विचारलं.

"कोणाचाच नाय. नुसतं उभं ऱ्हाऊ द्या जरा."

शिवणाच्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्यांच्या त्या एका खोलीत, आळीच्या डोळ्यांसमोर, मोठ्याने रडायला काकूंना जागाच नव्हती. त्या केबिनमध्ये शिरल्या, त्यांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. भावोजी उठले. त्यांनी दोरी सोडली, तसा काकूंनीच दुमड घातलेला तो हिरवा पडदा खाली आला. मग खणातून बॅटरी काढून रेडिओत घातली, स्टूल रस्त्याकडे फिरवलं आणि खुंटी पिळत पिळत आवाज शेवटपर्यंत मोठा केला. रेडिओवर कांद्याचे बाजारभाव चालले होते. सारा स्टँड भाव ऐकत होता. काकू पडद्याआड काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. भावोजींची पाठ मात्र मला दिसत होती. ती हलत होती.

नंतर जो तो मोबाईल घेऊ लागला आणि बूथ बसला. खात्याची लाइन काढून नेली. भावोजींनी केबिन मात्र बैलगाडीत घालून घरी आणली आणि पडवीच्या कोपऱ्यात उभी केली, आत पडदा आणि तार नसलेला रिसीव्हर, बाहेर स्टूल आणि रेडिओ. जाऊबाई म्हणाल्या, आता ह्यात कांदे ठेवू. "ठेव," ते म्हणाले, "पन बाजारच्या दिवशी काढायचे." कारण बाजारच्या दिवशी काकू यायच्या.

भावोजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आजकाल रस्त्यात, एस.टी.त, देवळात, माणसं कानाला फोन लावून घरातलं सगळं मोठ्याने बोलत असतात. यजमान म्हणतात, ह्या सगळ्याची आठवण कुठेतरी राहते, पाहिजे त्याला काढता येते. असेल. त्यातला नवरा कोण आणि आई कोण, हे बघायला तिथे तरी कुणी बसलं असेल का, असं मला कधी वाटतं.

भावोजींचे दिवस झाल्यानंतरचा पहिला बाजार होता. वाटलं, काकू आता येणार नाहीत. पण आल्या. थकल्या होत्या, पडवीची पायरी चढताना धाप लागली. रिकाम्या स्टुलाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि केबिनमध्ये गेल्या. मी उठले. पडदा ओढला. रेडिओची खुंटी पिळत पिळत शेवटपर्यंत नेली, आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.